स्वयंपाकघर नऊ पावलांवर

ध्वनिमुद्रक वगदीकडे आलेले दोन आवाज एकमेकांपासून दोनशे वीस किलोमीटर लांब होते, आणि रिहाबला ते एका घरात नांदायला हवे होते.

रिहाब रेडिओसाठी मालिका करायची. दर रमजानात एक. तीस भाग, पंधरा-पंधरा मिनिटांचे, सूर्यास्ताच्या जरा आधी लागणारे, उपाशीपोटी माणसं घड्याळाकडे बघत बसलेली असतात तेव्हा. यंदाची मालिका एका म्हाताऱ्या जोडप्याची होती. लबीब आणि इन्साफ. तिसऱ्या मजल्यावरचं घर, मुलगा परदेशात, आणि सकाळपासून दोघांची कुरबुर. लबीबचं काम अझ्मी करणार होता, इन्साफचं बहीगा. एके काळी या दोघांचा आवाज लागला की कैरोतल्या बायका पातेल्याखालची आच बारीक करायच्या. अकरा वर्षं ते खरोखरचे नवरा-बायकोही होते. मग घटस्फोट झाला. त्यालाही आता बावीस वर्षं उलटली होती, आणि तेवढ्या काळात दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता. रिहाबने त्यांना कसं पटवलं ते तिचं तिला ठाऊक. दोघं तयार झाले, पण दोघांनीही, एकमेकांना न विचारता, एकच अट घातली. समोरासमोर यायचं नाही.

म्हणून बहीगा कैरोत, दोक्कीच्या स्टुडिओत बोलली, भिंतींना स्पंज लावलेल्या बंद खोलीत. आणि अझ्मी अलेक्झांड्रियात, स्वतःच्या घरी, कोटांनी गच्च भरलेल्या कपाटात डोकं घालून.

"कपाटात?" वगदीने विचारलं.

"कोटांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. गुडघे दुखतात, प्रवास होत नाही, असंही म्हणतो," रिहाब म्हणाली. "उस्ताद, मला कारणं नकोत. मला घर पाहिजे. ती स्वयंपाकघरातून बोलली की स्वयंपाकघर दिसलं पाहिजे."

वगदी एकसष्ट वर्षांचा होता आणि त्यातली छत्तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. आवाज जवळ आणायचे, लांब न्यायचे, त्यांच्याभोवती भिंती उभ्या करायच्या. नवशिके आवाज लांब न्यायचा म्हणजे बारीक करतात. पण लांबचा माणूस हळू बोलत नसतो. त्याच्या आवाजाची धार बोथट होते, स आणि त ऐकू येईनासे होतात, आणि त्याच्या शब्दांमागून भिंती बोलायला लागतात. जवळच्या माणसाच्या मागे भिंती गप्प असतात, त्याचा नुसता श्वास कळतो. हे सगळं वगदीच्या हाडात मुरलेलं होतं. त्याने संगणकातल्या घुमाऱ्याच्या तयार खोल्या काढल्या, एकीत अझ्मीला बसवलं, दुसरीत बहीगाला उभं केलं, मधलं दार किलकिलं ठेवलं आणि रिहाबला ऐकवलं.

रिहाबने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "दोन मढी शेजारशेजारच्या थडग्यांतून बोलतायत."

"इतकं वाईट?"

"चांगली थडगी आहेत, संगमरवरी. पण घर नाहीये उस्ताद."

राग यायला हवा होता, पण तिचं खरं होतं. वगदी ते काम पाठीवरच्या पिशवीत टाकून घरी आला.

त्याचं घर मनियलला, नाईलच्या अरुंद फाट्यापासून दोन गल्ल्या आत. तिसरा मजला, उंच छत, थंडगार फरशी. तीन वर्षांपूर्वी सफिनाज, त्याची बायको, किडनीच्या आजाराने गेली. मुलगी इंजी शारजात असते. सफिनाज गेल्यावर इंजीने सुट्टी काढून आईचे कपडे वाटून टाकले, जाड पडदे उतरवले, गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले. "धूळ धरतात बाबा, तुम्हाला झेपायचं नाही," ती म्हणाली होती. तेव्हापासून घरात प्रत्येक आवाज जरा जास्त वेळ रेंगाळायचा.

त्या दुपारी वगदीने माळ्यावरचे गालिचे खाली काढले. झटकले, शिंकला, बैठकीत अंथरले. पडदेही लावले, एक उलटा लागला. मग स्टुडिओतून आणलेला छोटा स्पीकर स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, माइक बैठकीतल्या खुर्चीच्या पाठीला, कानाच्या उंचीवर बांधला, आणि बहीगाचं पहिलं वाक्य लावलं.

"लबीब, चहा निवतोय."

आवाज ओट्यावर बसलेल्या मांजरासारखा आला. खालून. त्याने स्टूल आणलं, त्यावर तांदळाचे दोन डबे, त्यावर स्पीकर. आता उंची जमली, पण बाई दारात उभी राहून जाहीर करत होती चहा निवल्याचं. वगदी जरा वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याने स्पीकर मोरीच्या वर, टाइल्सच्या भिंतीकडे तोंड करून फिरवला. हात भांड्यांत असलेली बाई भिंतीशीच बोलते. तिची हाक आधी टाइल्सवर आपटते, मग छताला लागते, मग दारातून बाहेर पडून बोळातून येते.

तो खुर्चीत येऊन बसला.

"लबीब, चहा निवतोय."

वगदीचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले, उठण्यासाठी टेकतात तसे. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते मांडीवर ठेवले. खाली गल्लीत सिलिंडरवाला पाना आपटत चालला होता, टण टण टण. तेही माइकमध्ये गेलं. जवळ खुर्ची, पलीकडे स्वयंपाकघर, त्याच्याही पलीकडे गल्ली.

दुसऱ्या दिवशी रिहाबने ते ऐकलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. "कुठली जागा ही?"

"आहे एक ओळखीची."

"तिथेच करा सगळं," ती म्हणाली आणि पुढचं काही विचारलं नाही.

मग रमजानच्या आधीचा अख्खा शाबान महिना वगदी दुपारी घरी काम करू लागला. इन्साफ झोपायच्या खोलीतून बोलली की स्पीकर कपाटासमोर. न्हाणीघरातून बोलली की दार लोटून आत. स्पीकर कुठे ठेवायचा याचा त्याला विचार करावा लागत नव्हता. सफिनाज चादरी कुठे उभी राहून घालायची, चिडली की बोळात कितव्या फरशीवर थांबून बोलायची, त्याला सगळं माहीत होतं. इतकं माहीत होतं याचंच त्याला नवल वाटलं. ती असताना त्याने तिच्याकडे फारसं पाहिलं होतं असं त्याला आठवत नव्हतं.

काम संपलं तरी तो स्पीकर लगेच बंद करीनासा झाला. रेकॉर्डिंगमध्ये वाक्यांच्या अधेमधे बहीगाचं इकडचं तिकडचंही होतं. ती खाकरायची, पाणी प्यायची, कागद उलटायची, "इथे जरा घाई झाली माझी," म्हणायची. ते सगळं तो कांदा चिरताना, तांदूळ निवडताना चालू ठेवायचा. एकदा ती म्हणाली, "पुन्हा घेऊ का?" आणि वगदी मिठाच्या डब्यात हात घालून म्हणाला, "घ्या." मग स्वतःचीच लाज वाटून त्याने स्पीकर बंद केला, आणि तो चार दिवस तसाच ठेवला.

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरची उम्म साबरी, म्हणजे साबरीची आई, वर आली. पंच्याहत्तरीची बाई, एका मजल्याचा जिनाही तिला डोंगर. हातात बसबूसाची, रव्याच्या गोड वड्यांची थाळी, वर रुमाल झाकलेला.

"मुबारक," ती धापा टाकत म्हणाली.

"कशाचं?"

"आता मला बनवू नकोस. महिनाभर ऐकतेय मी. माझं छत म्हणजे तुझी फरशीच की. आवाज चांगला आहे हो तिचा, घरंदाज आहे. आणि गेले चार दिवस आवाज नाही, म्हटलं भांडण झालं की काय. म्हणून आले."

वगदी दारातून बाजूला झाला. उम्म साबरी आत येऊन खुर्चीत बसली आणि थाळी मांडीवर घेऊन स्वयंपाकघराकडे बघत राहिली, कुणी बाहेर येईल म्हणून.

"एक सांगू? राग मानू नकोस," ती म्हणाली. "ती हाका मारते आणि तू उत्तर देत नाहीस. बायकांना याचा फार त्रास होतो. सफिनाजचंही तेच होतं. तिच्या हाका मला खाली ऐकू यायच्या, आणि तू कानांवर ती टोपडी घालून बसलेला. मी साबरीच्या बापाला म्हणायची, हा माणूस दुनियेचं ऐकतो, हिचं तेवढं ऐकत नाही."

वगदी स्वयंपाकघरात गेला. स्पीकर, स्टूल, तांदळाचे डबे, सगळं उचलून त्याने बाहेर आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं. "ही ती," तो म्हणाला. "रेडिओचं काम आहे, उम्म साबरी. रमजानातली मालिका."

म्हातारीने स्पीकरला बोट लावून पाहिलं.

"मग हिला उत्तर कोण देतं?"

"अलेक्झांड्रियातला एक माणूस."

"तो कुठे बसतो?"

"तुम्ही बसलाय तिथेच. म्हणजे तसं भासवायचं असतं."

उम्म साबरी खुर्चीतून उठली. थाळी टेबलावर ठेवली. "मुबारक म्हणून आणला होता," ती म्हणाली, "आता असाच खा." जिन्यात दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "मी काहीतरी बोलून गेले. मनावर घेऊ नकोस."

"खोटं कुठे बोललात," वगदी म्हणाला.

बसबूसा त्याला त्या दिवशी गेला नाही. तो खुर्चीत बसून राहिला. सफिनाजच्या हाका त्याला ऐकू यायच्या नाहीत असं नव्हतं. कधी यायच्या, कधी नाही यायच्या. आल्या तरी तो हात वर करायचा, थांब जरा, एवढं होऊ दे. तो वर केलेला हात नऊ पावलांवरच्या बोळापलीकडे तिला दिसायचा नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

रमजान लागला आणि मालिकाही लागली. चार-पाच भागांतच लोक बोलू लागले. पावाच्या भट्टीपुढच्या रांगेत, मेट्रोत, सगळीकडे लबीब आणि इन्साफ. अझ्मी आणि बहीगाचा समेट झाला, ही बातमी कुणीतरी उठवली. कुणी सांगे, त्यांनी पुन्हा निकाह लावला.

दहाव्या रोज्याला दुपारी बहीगा स्वतः वगदीच्या दारात उभी राहिली. पत्ता तिने रिहाबकडून काढला होता. सत्तरीला टेकलेली, उंच, काळा चष्मा डोक्यावर चढवलेला. जिना चढून आल्याने तिला बोलायला वेळ लागला.

"वीस वर्षं मी स्पंजाच्या खोलीत बोलतेय," ती म्हणाली. "काल बहिणीकडे रेडिओ ऐकत होते. बहीण विचारते, कुणाचं घर गं हे? मला सांगता येईना. म्हटलं मी जिथे राहते ते घर तरी बघून येऊ."

"या, बहीगा हानम." चहा टाकू का हे वगदीच्या ओठांवर आलं आणि रोजा आठवून त्याने ते गिळलं.

ती पाहुण्यासारखी बसली नाही. थेट आत गेली, मोरीपाशी थांबली. "मी इथे असते?"

"हो. तोंड भिंतीकडे."

"का?"

"भांडी घासताना माणूस तसंच बोलतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग टाइल्सकडे. "तुमची बायको?"

"तीन वर्षं झाली."

बहीगाने पर्स ओट्यावर ठेवली, स्पीकर स्वतःच्या हाताने उचलून त्याला दिला. "अझ्मीला खुर्चीत ठेवा. पहिला भाग लावा, चहाचा प्रसंग. माझी वाक्यं बंद करा, ती मी म्हणते."

वगदीने स्पीकर खुर्चीत ठेवला, पाठीला टेकवून, जरा तिरका. अझ्मीचा आवाज सुरू झाला, कोटांच्या कपाटातला, कोरडा, अगदी कानाशी बोलल्यासारखा. स्वयंपाकघरातून बहीगा उत्तरं देऊ लागली. हातात कागद नव्हता. तो थांबे तिथे ती बोले, ती संपवे तिथे तो उचले. वगदी बोळात भिंतीला पाठ लावून उभा होता. एक शब्द इकडे तिकडे झाला नाही. वाक्याच्या आधी अझ्मी श्वास कधी घेणार तेसुद्धा तिला ठाऊक असावं.

प्रसंगात एक जागा होती, लबीब वर्तमानपत्र घडी करतो आणि गप्प बसतो. तिथे बहीगाने वाक्यात नसलेलं विचारलं, "रात्रीचं औषध घेतोस का रे?"

स्पीकरमधून अझ्मी म्हणाला, "या शेजाऱ्यांनी पुन्हा नळ चालू ठेवलाय बघ."

बहीगा बाहेर आली. हात कोरडेच होते, तरी तिने ते रुमालाला पुसले. "अजून तसाच," ती म्हणाली. "विचारावं एक, सांगणार भलतंच." ती हसली, पण ते हसू पुरतं टिकलं नाही आणि तिने चष्मा डोळ्यांवर ओढला.

शेवटचा भाग अजून रेकॉर्ड व्हायचा होता. त्यात इन्साफ मुलाकडे कायमची निघून जाते, जिना उतरता उतरता लबीबला सूचना देत. बहीगा म्हणाली, तो मी स्टुडिओत बोलणार नाही, इथल्या जिन्यात बोलेन. ती गेल्यावर वगदीला राहवेना. त्याने अझ्मीला फोन लावला. आपण होऊन तो सहसा कुणाला फोन करत नसे.

"शेवटचा भाग माझ्या घरी घेतोय आम्ही," तो म्हणाला. "खुर्ची रिकामी आहे. गाडीने या. जिन्यात खुर्चीवर बसवून वर आणू तुम्हाला."

अझ्मीने विचारलं, "तिने बोलावलंय?"

"नाही. मीच बोलावतोय."

"मग राहू द्या."

वगदी फोन ठेवणार इतक्यात तिकडून प्रश्न आला. "ती स्वयंपाकघरात असते ते खुर्चीपासून किती लांब आहे हो?"

"नऊ पावलं."

"तरीच," अझ्मी म्हणाला. "मला सारखं वाटत होतं, लांब गेलीय. आमच्या घरात सहा होती."

सव्विसाव्या रोज्याला, दुपारच्या नमाजानंतर जिन्यातलं काम झालं. वगदीने एक माइक दाराशी धरला. उम्म साबरीला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, तिने आपलं दार लावून घेतलं आणि फटीतून बघत राहिली. बहीगा पिशवी घेऊन निघाली. पहिल्या वळणावर म्हणाली, "फ्रिजमधलं दूध उद्याच संपव." दुसऱ्या वळणावर, "गॅलरीचं दार रात्री लावत जा." तिच्या शब्दांच्या कडा एकेक करून गळून पडत होत्या, आणि जिना त्यांच्या जागी भरत होता. तळाशी पोचल्यावर शेवटचं वाक्य आलं, त्यातलं वगदीला नुसतं "लबीब" एवढंच कळलं. मग खालचं लोखंडी दार. मग टॅक्सीचं दार. ती वर येऊन निरोप घेईल असं वगदीला वाटलं होतं. इफ्तारच्या आधी तिला बहिणीकडे पोचायचं होतं, तिने तसं आधीच सांगितलंही होतं. तो माइक धरून उभाच राहिला. रिकाम्या जिन्याचा आवाज त्याने पुष्कळ वेळ घेतला.

अझ्मीने आपला भाग कपाटातून पाठवला. त्याला शेवटी एकच शब्द होता, "बरं." वगदीने तो दुसऱ्या वळणानंतर ठेवला, आणि खालच्या दारानंतर अकरा सेकंद नुसता जिना ठेवला. रिहाब म्हणाली, फार होतंय. मग ऐकून म्हणाली, असू दे.

एकोणतिसाव्या रोज्याला ईदचा चंद्र दिसण्याची शक्यता होती, म्हणून रेडिओवाल्यांनी शेवटचे दोन भाग एकत्र लावायचं ठरवलं. वेळ पुरेना. अजान तर थांबवता येत नाही. केंद्रावर कुणीतरी शेपूट कापलं. वगदी टेबलावर खजूर, मसुराचं सूप, पाणी मांडून रेडिओजवळ बसला होता. गॅलरीच्या दाराचं वाक्य झालं, अझ्मीचं "बरं" झालं, आणि लगेच रोजा सोडायची तोफ, आणि त्यामागून अजान. खालचं दार नाही, टॅक्सी नाही, जिना नाही.

रिहाबचा फोन आला, ती हसत होती. "लोक मला विचारतायत, ती गेली की दुसऱ्या मजल्यावरून परत आली? निम्म्या कैरोला वाटतंय परत आली."

"तुझं काय म्हणणं?"

"मी कशाला सांगू? वाटू दे."

तिचा फोन ठेवतो न ठेवतो तोच अझ्मीचा आला. सणासुदीचं काही न बोलता त्याने एकदम विचारलं, "ती गेली की नाही?"

"गेली."

"पुढचं आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"ऐकवा."

वगदीने संगणक उघडला, तो तुकडा काढला आणि फोन स्पीकरसमोर धरला. बहीगाची शेवटची हाक, लोखंडी दार, टॅक्सी, आणि मग जिना. अकरा सेकंद नाही, मूळ रेकॉर्डिंग सगळं, चार मिनिटांचं. मध्ये एकदा उम्म साबरीची कडी वाजली. पलीकडे अझ्मी श्वास घेताना ऐकू येत होता, तेवढंच. संपल्यावर त्याने विचारलं, "एकटीच होती टॅक्सीत?"

"एकटीच."

"बरं," अझ्मी म्हणाला आणि फोन ठेवला.

वगदीने अजून रोजा सोडला नव्हता. त्याने एक खजूर खाल्ला, पाणी प्यायला. सूप निवून वर साय धरली होती. ते गरम करायला तो आत गेला. खाली गल्लीत पोरांनी फटाके लावायला सुरुवात केली होती, आणि खालच्या मजल्यावर उम्म साबरीच्या घरी कुणीतरी पाहुणे आले असावेत, बरीच माणसं एकदम बोलत होती. फरशीतून शब्द कळत नव्हते. पातेलं गॅसवर ठेवून तो ते ऐकत उभा राहिला.